खडूने आखलेली गाडी

“घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून” असे आपले वाडवडील सांगत आले. गेल्या जुलैच्या सुटीत आम्ही तीन आठवडे नेदरलँड्समध्ये काढले, आणि आता त्या म्हणीला एक शेपूट जोडावेसे वाटते : “खाण्याची गाडी पाहावी आखून.” असे का म्हणतो, ते आज वाचकांना सांगावयाचे आहे.

आमचा भाचा बारा वर्षांपूर्वी डेन हाग शहरी गेला. इंग्रजीत ज्याला हेग म्हणतात, तेच हे शहर. तेथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो नोकरी करतो. बायको त्याने तेथलीच केली, पण परकी नव्हे. ती सुरिनामी हिंदुस्थानी घरातली. आपले पूर्वज जसे १८३४ नंतर करार करून मॉरिशसला उतरले, तसे तिचे पूर्वज ऊसमळ्यांवर सुरिनामला गेले. ‘लल्ला रूख’ हे पहिले जहाज तेथे १८७३ साली पोहोचले. पुढे १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास हजारो कुटुंबे हॉलंडला आली आणि पुष्कळ जण डेन हागमध्येच राहिले. सून घरी सरनामी बोलते, आमच्याशी हिंदी बोलते आणि आम्ही मराठीत बोललो तर हसून निम्मे समजून घेते.

या दोघांनी ठरविले की नोकरीसोबत आपली डाळपुरीची गाडी घालावयाची. विचार उत्तम होता. परंतु भाच्याने जी गाडी पसंत केली होती, ती सहा मीटर लांब, नवी कोरी, आणि तिला त्याची शिल्लक पुरत नव्हती. उरलेल्या रकमेसाठी त्याने आईला, म्हणजे आमच्या बहिणीला, गावचा अर्धा आर्पां ऊस विकावयास सांगितले. बहीण आमच्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, तू मास्तर आहेस. तुला हिशेब कळतो. तिथे जाऊन बघ आणि मला एकच सांग, जमीन विकू की नको?”

हा प्रश्न खिशात घालून आम्ही विमानात बसलो.

भाच्याने पहिल्याच संध्याकाळी गाडीचे रंगीत चित्र टेबलावर पसरले. आपल्या झेंड्याचे चारही रंग, नारळाची झाडे, समुद्र आणि दारावर माणसाएवढा डोडो. चित्र पाहून ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे. डचांनी १५९८ साली आपल्या बेटावर पाऊल ठेवले, राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले आणि ऊसही त्यांनीच प्रथम आणला. १७१० साली ते निघून गेले. त्यांच्याच राजनगरीत आता बेटाचा मुलगा डोडो रंगवून डाळपुरी विकणार होता! पण आम्ही विचारले, “बाळा, तवा कुठे आहे?” तो म्हणाला, “आत आहे ना, मामा.” “आत म्हणजे कुठे?” तेव्हा त्याने बोट तीन ठिकाणी ठेवले.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला दोन गोष्टी पक्क्या शिकविल्या होत्या. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवावे. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांचे जाड खडू विकत आणले आणि घरामागच्या फरसबंदीवर सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद असा चौकोन आखला. पुठ्ठ्याची खोकी मांडून एकाला फ्रिज, एकाला तवा, एकाला हात धुण्याचे बेसिन म्हटले. भाचा आणि सून आत उभे राहिले. विहीणबाई गिऱ्हाईक झाल्या. त्यांनी झाउडरपार्कातल्या मिलन मेळ्यात पूर्वी रोटीचे दुकान लावलेले आहे, त्यामुळे गिऱ्हाईकाची घाई त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. त्या एकदम म्हणाल्या, “पाच जोड, दोन बिनतिखट, जल्दी!”

दहा मागण्या होईपर्यंत नवराबायको एकमेकांवर अकरा वेळा आदळली. आम्ही खडूने रेघा मारून मोजले होते. शिवाय मागचे दोन मीटर असे निघाले की तिकडे कोणी गेलेच नाही. जी जागा पायाला लागली नाही, तिच्यासाठी जमीन विकावयाची होती!

भाचा रागावला. म्हणाला, “मामा, तुम्ही मला वर्गातला मुलगा समजता.” आम्ही गप्प राहिलो. सुनेने मात्र खडू हातात घेतला.

तिने जे आखले, ते वाचकांनी नीट पाहावे, कारण घरच्या ओट्यालाही ते लागू आहे. डाळपुरी कोणत्या क्रमाने तयार होते? पिठाचा भरलेला गोळा, लाटणे, तवा, मग वर घेवड्याची भाजी, चटणी, अचार, मग कागदात गुंडाळणे, मग गिऱ्हाईकाचा हात. हा क्रम एकाच दिशेने वाहिला पाहिजे, नदीसारखा. फ्रिज एका टोकाला, तवा मध्ये, बांधणी खिडकीपाशी. एकाने लाटावे-भाजावे, दुसऱ्याने भरावे-द्यावे. पैसे घेणाऱ्याने कणकेला हात लावू नये. तिकडे लोक बहुतेक कार्डानेच पैसे देतात, म्हणून ते यंत्र खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवले की काम भागते. सून डावखुरी आहे, ही गोष्ट रंगीत चित्र काढणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तिने चटणीची भांडी उजवीकडून डावीकडे हलविली आणि आदळणे जवळजवळ थांबले. चौकोन पुसत पुसत साडेतीन मीटरवर आला.

आता आमची चूकही सांगितली पाहिजे. विक्रीची खिडकी आम्ही गाडीच्या डाव्या अंगाला आखली होती. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून जातात, फुटपाथ डाव्या हाताला येतो, म्हणून हात आपोआप तिकडे वळला. विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मास्टरजी, गिऱ्हाईक मोटारीखाली उभे करणार का?” हॉलंडात वाहने उजवीकडून जातात! खिडकी उजव्या अंगाला हवी. पंचवीस वर्षे फळ्यावर खडू चालविणाऱ्याची अशी फजिती झाली, आणि भाचा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी हसला. पुढे त्यानेच आणखी एक गोष्ट दाखविली. तेथे सायकलींसाठी तांबडा रस्ता वेगळा असतो. गिऱ्हाइकांची रांग त्यावर गेली तर सायकलवाले घंटी वाजवून जीव नकोसा करतील. म्हणून रांग कुठे उभी राहील, तेही आखावयाचे.

मग तिघांनी मिळून एकेक गोष्ट तपासली.

पहिली गोष्ट जागेची. तेथे मन मानेल तेथे गाडी उभी करता येत नाही. नगरपालिकेचा परवाना लागतो आणि व्यापार-नोंदणी कचेरीत नाव घालावे लागते. डेन हागचा मोठा बाजार, हाग्झ मार्क्ट, आठवड्यातून चार दिवस भरतो. तेथे बाजाराचा अधिकारी जागा नेमून देतो, आणि जागा मीटरवर मोजली जाते. म्हणजे आधी जागा, मग गाडी. आम्ही उलट निघालो होतो. दुसरे असे की २०२५ सालापासून डेन हागसह काही डच शहरांनी मध्यभागी मालवाहू गाड्यांसाठी धूरमुक्त क्षेत्रे सुरू केली आहेत. जुनी डिझेल व्हॅन स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि नेमकी हवी त्या गल्लीत जाता आली नाही, तर काय उपयोग? कोणती गाडी कुठे चालेल, हे नगरपालिकेत विचारूनच पैसे मोजावेत.

दुसरी गोष्ट वजनाची. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे आम्ही पाचवीच्या मुलांना शिकवितो, पण शंभर लिटर स्वच्छ पाणी गाडीत भरले की दीड माणूस जास्त बसला, हे आमच्याही ध्यानात आले नव्हते. तेथे मोटारीच्या साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचे वाहन चालविता येते. ट्रेलर ७५० किलोहून जड असेल, तर मोटार आणि ट्रेलर मिळून तीच मर्यादा. त्यापुढे वेगळी परीक्षा. म्हणून जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि खाली ठेवाव्यात, दोन्ही अंगांना सारख्या वाटाव्यात.

तिसरी गोष्ट गॅसची. आपल्या बेटावर थंडी ती काय! पण ब्युटेन वायू शून्य अंशाच्या आसपास बाटलीतून बाहेर यावयास कुरकुर करतो. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत साथ देतो. डच हिवाळ्यात उघड्यावर धंदा करणाऱ्याने प्रोपेनच घ्यावा. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर ते जमिनीलगत साचतात. म्हणून बाटल्यांचा कप्पा वेगळा, बाहेरून उघडणारा, आणि त्याच्या तळाशी हवेची भोके पाहिजेत. जवळ आगीचे कांबळे आणि तेलाच्या आगीला चालणारे विझवण्याचे यंत्र असावे. पेटत्या तेलावर पाणी कधीही टाकू नये.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. तेथील अन्न-तपासणी खाते कडक आहे. थंड पदार्थ ७ अंशांच्या वर जाता कामा नये, गरम ठेवलेला पदार्थ ६० अंशांच्या खाली उतरता कामा नये. हात धुण्याचे बेसिन भांड्यांपासून वेगळे हवे. ज्या पदार्थांनी काहींना अपाय होतो, असे चौदा पदार्थ युरोपच्या कायद्याने गिऱ्हाईकाला कळविणे बंधनकारक आहे. त्यात गहू आहे, आणि मोहरीही आहे! आपल्या अचारात मोहरी किती असते, हे सांगावयास नको. फलकावर ते लिहिण्याची जागाही आखून ठेविली.

शेवटी बाहेरचे चित्र. येथे भाच्याचे मन दुखवावयाचे नव्हते. आम्ही रस्त्यापलीकडे वीस पावलांवर उभे राहून विचारले, “येथून काय वाचता येते?” डोडो दिसला, काय विकता, ते दिसले नाही. डेन हागमध्ये ‘रोटी’ हा शब्द डच माणसालाही ठाऊक आहे. ही सुरिनामी लोकांची पुण्याई. म्हणून वर मोठ्या अक्षरांत डाळपुरी आणि रोटी, खाली चारच ओळींचा दरफलक, एक सपाट रंग, आणि डोडो लहान होऊन नावाशेजारी बसला. चार पदार्थांपेक्षा जास्त लिहिले की गिऱ्हाईक वाचत उभे राहते आणि मागची रांग निघून जाते, हे विहीणबाईंचे मत. खिडकीचे झाकण वर उचलले की त्याचेच छप्पर व्हावे, आणि तव्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला काचेचा आडोसा असावा, हेही त्यांनीच सांगितले. त्या सपाट मुलखात वारा अडवावयास आपल्यासारखा डोंगर नाही.

निघण्यापूर्वी एका संध्याकाळी भाचा एकटाच मागच्या अंगणात उभा दिसला. पाऊस पडून गेला होता, खडूच्या रेघा पुसट झाल्या होत्या. तो म्हणाला, “मामा, मोठी गाडी मला गिऱ्हाइकासाठी नको होती. आईला फोटो पाठवायचा होता. बारा वर्षांत दाखवण्यासारखे काही केले नाही, असे वाटते.” आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही. परदेशी गेलेल्या आपल्या किती मुलांच्या पोटात हे ओझे असेल! आम्ही एवढेच म्हटले, “तुझ्या आईला फोटोपेक्षा तो ऊस उभा दिसलेला जास्त आवडेल. आणि तू उभा दिसलेला त्याहून.”

घरी परतल्यावर बहिणीला सांगितले, “विकू नकोस.”

ऑक्टोबरात त्यांनी साडेतीन मीटरचा एक वापरलेला ट्रेलर घेतला, उजवीकडे खिडकी असलेला, आपल्या शिलकीतून. नोव्हेंबरात पहिला बाजार केला. त्या दिवशी पाऊस होता आणि निम्मी कणीक परत आली. दुसऱ्या शनिवारी सगळी संपली. कचऱ्याचा डबा चुकीच्या जागी ठेवला होता, तो त्यांनी स्वतःच हलविला. पुढे धंदा कसा चालेल, हे सांगणारे आम्ही ज्योतिषी नव्हे. हिवाळा कठीण जाईल, असे सून म्हणते. भाच्याने हॉटेलची नोकरी अजून सोडलेली नाही, हे आम्हांला शहाणपणाचे वाटते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाचा मुलगा, पुतण्या वा भाची येथे पोर्ट लुईत किंवा दूर देशी काही दुकान थाटण्याच्या विचारात असेल, तर त्याला नावे ठेवू नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. त्याच्याबरोबर अंगणात उतरा. जेवढी जागा तेवढा चौकोन आखा, त्यात त्याला दहा गिऱ्हाइकांचे काम करू द्या, आणि स्वतः गिऱ्हाईक व्हा. खडूची रेघ चुकली तर ओल्या फडक्याने पुसली जाते. विकलेली जमीन परत येत नाही.

बहिणीने त्या ट्रेलरचा फोटो देवघराशेजारी लावला आहे. डोडो इवलासा दिसतो. सून आणि भाचा मात्र दोघेही स्पष्ट दिसतात.