अ‍ॅरेच्या पोटात

जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे करताना लांबी सांगावी लागत नाही आणि आत काय ठेवणार तेही सांगावं लागत नाही. आकड्याशेजारी नाव ठेवा, पहिल्या घरानंतर थेट शंभरावं भरा, भाषा अडवत नाही. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने ती दहा दिवसांत उभी केली, ती वेबपानांवरच्या किरकोळ कामांसाठी. तिच्या नियमांत अ‍ॅरे हाही एक ऑब्जेक्टच आणि घराचा क्रमांक म्हणजे गुणधर्माचं नाव. हा नियम शब्दशः पाळायचा तर प्रत्येक वाचनाला ते नाव शोधावं लागेल. मग आजचे नकाशे आणि स्प्रेडशीट ब्राउझरमध्ये धावलेच नसते.

ते धावतात याचं बरंचसं श्रेय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या, गूगलच्या व्ही-एटसारख्या इंजिनांना आहे. व्ही-एट सप्टेंबर २००८ मध्ये क्रोमबरोबर आलं. त्याचे तेव्हाचे प्रमुख लार्स बाक यांनी डेन्मार्कमधल्या आर्हूसमध्ये हे काम केलं. त्याआधी ते सेल्फ या भाषेवर आणि जावा चालवणाऱ्या हॉटस्पॉट या आभासी यंत्रावर काम करत होते. भाषा कितीही सैल असो, माणसं ती बहुतेक वेळा शिस्तीनेच वापरतात, या एका भरवशावर अशी इंजिनं उभी आहेत. मला तो भरवसा फार मोलाचा वाटतो.

१, २, ३ असा अ‍ॅरे घ्या. व्ही-एट नोंद करतं की यात फक्त छोटे पूर्णांक आहेत. त्यात ४.५६ ढकला, की सगळी घरं ६४ बिटांच्या दशांश आकड्यांची होतात. एखादं नाव ढकललं, की अ‍ॅरे 'काहीही चालेल' या सर्वसाधारण प्रकारात जातो. आता ते नाव काढून टाका. अ‍ॅरे सहसा मागे येत नाही. परत आणायचा तर उरलेलं प्रत्येक घर पुन्हा तपासावं लागेल, आणि तेवढी किंमत कोण मोजणार? उणे शून्यही असाच घात करतं. दिसायला शून्य, पण पूर्णांकात ते मावत नाही, म्हणून सगळा अ‍ॅरे दशांशात जातो.

रिकाम्या घरांची गोष्ट याहून रंजक आहे. रिकामं घर वाचताना इंजिनाला लगेच 'अनडिफाइन्ड' म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे आधी अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपमध्ये (ज्याच्याकडून त्याला गुणधर्म वारशाने मिळतात), मग ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपमध्ये त्या क्रमांकावर कुणी काही ठेवलंय का, हे बघावं लागतं. असं कुणीच करत नाही, पण करण्याची मुभा आहे. म्हणून व्ही-एट एक खूण सांभाळतं: तिथं अजून कुणी हात लावलेला नाही. ती शाबूत असेपर्यंत शोध टळतो. कुणी हात लावलाच, तर त्या खुणेवर विसंबलेला वेगवान कोड टाकून द्यावा लागतो. आधीच शंभर घरं मागून केलेला अ‍ॅरे जन्मतःच 'भोकांचा' ठरतो आणि शंभरही घरं भरली तरी तो शिक्का सहसा पुसला जात नाही. पण या भोकांचा बाऊ करू नये. एरवीच्या कामात फरक जाणवतही नाही. तो दिसतो लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये.

जागा वाढवण्याचा हिशेबही सरळ आहे: लागणाऱ्या घरांची दीडपट (अपूर्णांक सोडून), अधिक १६. म्हणून रिकाम्या अ‍ॅरेत पहिला घटक ढकलला की १७ घरांची जागा मिळते. मात्र असलेल्या जागेच्या १०२४ किंवा जास्त घरं पुढे काही लिहिलं, तर इंजिन सलग मांडणी सोडून शब्दकोशासारख्या तक्त्यावर येतं आणि वाचन मंदावतं.

मला सगळ्यात आवडते ती 'शिफ्ट'ची युक्ती. पहिला घटक काढल्यावर बाकीचे एकेक घर मागे सरकवायला हवेत. व्ही-एट शक्य असेल तिथं त्यांना हलवतच नाही, साठ्याचं शीर्षकच एक घर पुढे नेतं. फार मोठे अ‍ॅरे मेमरीच्या वेगळ्या भागात राहतात आणि तिथं ही युक्ती चालत नाही, सगळे घटक खरोखर हलवावे लागतात. त्यामुळे लांबलचक रांग अ‍ॅरेत ठेवून दर वेळी 'शिफ्ट' करणारा प्रोग्राम एका आकारानंतर अचानक रखडतो. अशा वेळी पुढचा घटक कोणत्या क्रमांकावर आहे तेवढं एका व्हेरिएबलमध्ये ठेवावं आणि अ‍ॅरेला धक्का लावू नये.