घरगुती साठवण सर्व्हर आणि बिनतारी जाळे

छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती, गुणपत्रिका, मिळकतीच्या कागदपत्रांच्या प्रती, लहान व्यावसायिकांचे हिशेब अशी कुटुंबाची बरीचशी माहिती आता संगणकीय स्वरूपात साठविली जाते. ही माहिती भ्रमणध्वनी, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह यांत विखुरलेली राहते आणि एखादे उपकरण बिघडले की कायमची नष्ट होऊ शकते. यावरील एक उपाय म्हणजे घरगुती साठवण सर्व्हर होय. घरात वाय-फाय असल्यामुळे हा सर्व्हरही बिनतारी जाळ्यालाच जोडावा, असा विचार साहजिकच पुढे येतो. वरवर घरगुती वाटणाऱ्या या प्रश्नामागे तरंगपट्ट्याचे सार्वजनिक धोरण, संगणकीय जाळ्यांचे शास्त्र आणि माहितीची सुरक्षितता ही तीन सूत्रे आहेत. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या अभ्यासात त्यांचा एकत्रित विचार उपयुक्त ठरतो.

साठवण सर्व्हर म्हणजे काय?

‘नेटवर्क अटॅच्ड स्टोअरेज’ अर्थात ‘नॅस’ हा एक लहान संगणकच असतो. त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क, प्रोसेसर आणि स्वतंत्र कार्यप्रणाली असते. पडदा व कळफलक मात्र नसतो. संगणकाला केबलने जोडलेली साधी हार्ड डिस्क एका वेळी एकाच संगणकाची असते. साठवण सर्व्हर मात्र जाळ्याला जोडला जातो, त्यामुळे घरातील सर्व उपकरणे त्याचा एकाच वेळी वापर करू शकतात. फाइलींची देवाणघेवाण ‘एसएमबी’ किंवा ‘एनएफएस’ यांसारख्या ठरावीक संकेतप्रणालींद्वारे होते.

येथे एक भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे. घरातील स्थानिक जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटर त्या दोहोंना जोडतो. इंटरनेट बंद पडले तरी, राउटर चालू असेपर्यंत, घरातील लॅपटॉप सर्व्हरवरील फाइल उघडू शकतो. ही माहिती घराबाहेर जातच नाही.

परवान्यातून मुक्त झालेल्या लहरी

भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ नुसार बिनतारी उपकरण परवान्याशिवाय बाळगणे हाच अपराध होता. काही दशकांपूर्वीपर्यंत घरातील रेडिओसंचासाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. मात्र ठरावीक उपकरणांना परवान्यातून सूट देण्याचा अधिकार याच कायद्याने केंद्र सरकारला दिला होता. वाय-फायचा भारतातील प्रसार या तरतुदीवर उभा आहे.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही वारंवारता-पट्टे परवान्याविना संदेशवहनास खुले केले. पुढे १९९७ मध्ये ‘८०२.११’ हे बिनतारी जाळ्याचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्याचा कमाल वेग सेकंदाला केवळ २ मेगाबिट होता. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील चार पट्टे, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतका तरंगपट्टा, याच पद्धतीने खुला झाला. संसदेने २०२३ मध्ये जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम संमत केला.

परवानामुक्त याचा अर्थ नियममुक्त असा नव्हे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात प्रसारणशक्ती कमाल १ वॉट आणि प्रभावी प्रारित शक्ती कमाल ४ वॉट अशी मर्यादा आहे. शिवाय दुसऱ्याच्या उपकरणामुळे व्यत्यय आल्यास वापरकर्त्याला संरक्षण मागता येत नाही. गावच्या गायरानाप्रमाणे हा पट्टा सर्वांचा आहे. त्यावर कोणाची मालकी नाही आणि अतिवापराचा तोटा सर्वांनाच सोसावा लागतो.

हवेतील गर्दीचे गणित

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ आहे. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच मिळतात: १, ६ आणि ११. शेजारच्या दहा सदनिकांत दहा राउटर असतील, तर ते याच वाहिन्यांत दाटीवाटीने काम करतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात, सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात जागा अधिक आणि वेगही अधिक मिळतो. मात्र या लहरी सिमेंट-काँक्रीटच्या भिंतींतून जाताना अधिक क्षीण होतात.

एका वाहिनीवर एका वेळी सर्वसाधारणपणे एकच उपकरण बोलू शकते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते आणि वाहिनी मोकळी असेल तरच संदेश पाठविते. लॅपटॉप व सर्व्हर हे दोन्ही एकाच राउटरला बिनतारी पद्धतीने जोडलेले असल्यास, प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते: सर्व्हरकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे. दोन्ही प्रवास एकाच वाहिनीवर होत असतील, तर प्रत्यक्ष वेग जवळपास निम्मा होतो.

उदाहरणादाखल २० गिगाबाइट छायाचित्रांचा संग्रह घेऊ. सेकंदाला १,००० मेगाबिट क्षमतेच्या केबलवरून प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट वेग मिळतो आणि हे काम तीन मिनिटांत होते. बिनतारी जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २०० मेगाबिट, म्हणजे २५ मेगाबाइट, धरल्यास सुमारे तेरा मिनिटे लागतात. दोन्ही टोके बिनतारी असल्यास हाच कालावधी सव्वीस मिनिटांहून अधिक होतो. तेवढा वेळ घरातील इतरांचा ऑनलाइन वर्गही रखडतो.

जोडणीचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत योग्य मार्ग म्हणजे सर्व्हर केबलने राउटरला जोडणे. भ्रमणध्वनी व लॅपटॉप नेहमीप्रमाणे बिनतारीच राहतात. सर्व्हर जागचा हलत नाही, त्यामुळे त्याला बिनतारी जोडणीची गरजही नसते. बहुतेक साठवण सर्व्हरमध्ये केबलचीच सोय असते, त्याचे कारण हेच.

राउटर एका खोलीत आणि सर्व्हर दुसऱ्या खोलीत असून केबल टाकणे शक्य नसेल, तर दुसरा मार्ग उपलब्ध आहे. बिनतारी सेतूचे काम करणारे उपकरण सर्व्हरजवळ ठेवून त्याला सर्व्हर केबलने जोडता येतो. हे उपकरण मुख्य राउटरशी हवेतून संपर्क ठेवते. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरणे श्रेयस्कर ठरते.

तिसरा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या यूएसबी खाचेत छोटा वाय-फाय अडॅप्टर बसविणे. तो स्वस्त असला तरी सर्व्हरच्या कार्यप्रणालीत त्याचा चालक प्रोग्रॅम उपलब्ध असावा लागतो आणि वेगही मर्यादित राहतो. कोणत्याही मार्गाने जोडणी केली तरी, पहिली मोठी प्रत केबलने करून घेऊन रोजचे छोटे बदल बिनतारी जोडणीवर सोडणे सोयीचे असते.

कायम पत्ता

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. घरगुती जाळ्यात ‘१९२.१६८’ ने सुरू होणारे खासगी पत्ते सामान्यतः वापरले जातात. राउटर ‘डीएचसीपी’ पद्धतीने ते आपोआप वाटतो. त्यामुळे सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो आणि इतर उपकरणांना तो सापडेनासा होतो. यास्तव राउटरच्या मांडणीत सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवावा.

सुरक्षितता : तांत्रिक आणि कायदेशीर

बिनतारी लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. ‘डब्ल्यूईपी’ या सुरुवातीच्या सांकेतिकीकरणातील कच्चे दुवे २००१ मध्येच उघड झाले. त्यानंतर २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ या सुधारित पद्धती आल्या. यांपैकी एक पद्धत, लांब संकेतशब्द आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ही किमान दक्षता होय.

सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवण्यात मोठा धोका असतो. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने अशाच उघड्या साठवण सर्व्हरमधील फाइली कुलूपबंद करून पैशांची मागणी केली होती. बाहेरून माहिती पाहणे आवश्यकच असेल, तर ‘व्हीपीएन’द्वारे पाहावी आणि सर्व्हरची प्रणाली अद्ययावत ठेवावी. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवल्याने एक डिस्क बिघडली तरी काम चालते; परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच वेळी जाते. म्हणून एक प्रत घराबाहेर असणे अगत्याचे आहे. वीज वारंवार जाणाऱ्या भागात सर्व्हर व राउटर यांना यूपीएसचा आधार द्यावा.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात अथवा जाळ्यात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाई द्यावी लागते. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीचा वैयक्तिक अथवा घरगुती वापर वगळण्यात आला आहे. मात्र दवाखाना किंवा शिकवणी वर्ग आपल्या रुग्णांची वा विद्यार्थ्यांची माहिती अशा सर्व्हरवर ठेवत असल्यास ही सवलत लागू होत नाही.

समारोप

परवानामुक्त लहरींचा लाभ घरापुरता मर्यादित नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-वाणी’ योजना याच लहरींवर आधारलेली आहे. तिच्यामुळे लहान दुकानदारही परवाना व नोंदणी शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. अशा सामायिक साधनाची उपयुक्तता वापरकर्त्यांच्या विवेकावर अवलंबून असते. जागचे न हलणारे उपकरण केबलवर ठेवले, तर हातात घेऊन फिरायच्या उपकरणांसाठी हवेतील वाट मोकळी राहते. त्याचा लाभ त्या घराला होतो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही होतो.