आमवात : उलटा झालेला क्रम

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तो पेनिसिलिनसाठी. पेनिसिलिनचा रेणू फोडला की पेनिसिलामिन मिळते. हे जंतू मारीत नाही. पण एके काळी ते आमवातावर देत असत.

या रोगात शरीराचे संरक्षक दलच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा केवळ म्हातारपणाचा रोग नव्हे; चाकणला यंत्रावर काम करणारी तिशीतली बोटेही त्यात सापडतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांत सुमारे एकाला तो आढळला.

पूर्वी ॲस्पिरिनपासून एकेक पायरी चढत. वेदना शमे, हाड मात्र झिजतच राही. आणि झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. म्हणून आता निदान होताच बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. मूळचे कर्करोगाचे हे औषध येथे अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. जोडीला फॉलिक आम्ल. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते! गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर स्टेरॉइडचा तात्पुरता आधार. मग ठराविक काळाने सुजलेले सांधे मोजायचे, रक्त तपासायचे; सूज हटली नाही तर औषध वाढवायचे किंवा बदलायचे. आम्ही भौतिकीवाले याला फीडबॅक म्हणतो. तुमच्या घरच्या इस्त्रीतील थर्मोस्टॅट तेच करतो.