कर्जमाफी झाली, तरी जिल्हा बँक का अडली?

कळवण तालुक्यात उन्हाळ कांदा लावायचा असो की डाळिंबाचा बहार धरायचा असो, खर्च आधी करावा लागतो आणि पैसा नंतर येतो. मधला काळ वर्षानुवर्षे निभावला तो गावच्या विकास सोसायटीने आणि तिच्या पाठीशी असलेल्या नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने. नोटबंदीनंतर मात्र हीच बँक लोकांच्या रोषाची धनी झाली. ठेवीदाराला पैसे मिळेनात आणि थकबाकीदाराच्या जमिनीला लिलावाची नोटीस लागली.

पैसा येतो कुठून?

राज्य सहकारी बँक म्हणजे शिखर बँक, तिच्याखाली जिल्हा बँक आणि गावात विकास सोसायटी, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. जिल्हा बँक ठेवी आणि वरून मिळणारे फेरकर्ज यांतून सोसायटीला कर्ज देते, सोसायटी ते सभासदांना वाटते. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला पर्याय म्हणून उभी राहिलेली व्यवस्था ती हीच.

नोटबंदीचा घाव

8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटबंदी जाहीर झाली. जिल्हा बँकांनी जुन्या नोटा स्वीकारायला सुरुवात केली आणि 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने त्यांना मनाई केली. नाशिक जिल्हा बँकेकडे सुमारे 340 कोटींच्या जुन्या नोटा पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा मिळाली थेट जून 2017 मध्ये. तोवर ठेवीदारांचे व्याज चालूच होते, पण त्या पैशातून कर्ज देता येत नव्हते. जिल्ह्यातल्या शिक्षकांचे पगारही अडकले.

दुखणे मात्र जुनेच होते. मोठी कर्जे थकली होती आणि कारभारावर आक्षेप होते. पुढे बँकेवर प्रशासक आले.

माफ झालेले कर्ज जाते कुठे?

माफीत शेतकऱ्याचे कर्ज सरकार बँकेला भरते, म्हणजे बोजा राज्याच्या तिजोरीवर येतो. जून 2017 च्या योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती आणि राज्याने खर्चाचा आकडा 34,022 कोटी सांगितला होता. डिसेंबर 2019 च्या योजनेची मर्यादा दोन लाख होती.

ज्यांचे कर्ज मर्यादेपेक्षा जास्त, त्यांना 2017 मध्ये वरची रक्कम आधी भरायची होती. ती न भरणारे थकबाकीतच राहिले. दुसरीकडे, माफी होणार या आशेने भरणारेही थांबले. दरवर्षी कर्ज भरून लगेच नवे उचलायचे, या व्यवहाराला गावात नवे-जुने म्हणतात. बँकेकडे नवे द्यायला पैसा नसेल, तर जुने भरण्याची हिंमत कोण करणार?

अनिष्ट तफावत

सोसायटीचे बँकेला देणे सभासदांकडच्या येण्यापेक्षा जास्त झाले, की त्याला अनिष्ट तफावत म्हणतात. अशा सोसायटीने सगळी वसुली केली तरी बँकेचे कर्ज पूर्ण फिटत नाही. त्याचा फटका वेळेवर भरणाऱ्या सभासदालाही बसतो.

वसुली आणि रोष

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 नुसार वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावरून नियम 107 नुसार जप्ती व लिलाव होतो. बँकेची बाजू अशी की ठेवीदाराचा पैसा शेवटी वसुलीतूनच द्यायचा. शेतकऱ्याची बाजू अशी की भाव पडला तो त्याच्या चुकीने नव्हे. कांद्याची निर्यात 8 डिसेंबर 2023 पासून 4 मे 2024 पर्यंत बंद होती. सरकारच्या एका आदेशाने उत्पन्न घटले, पण हप्त्याची तारीख पुढे सरकली नाही.

याआधी मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या किसान लाँग मार्चमध्ये कर्जमाफी आणि वनजमिनीचे हक्क या मागण्या एकत्र होत्या. कळवण मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित त्यात पुढे होते. वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसेल, तर पीककर्जही दुरापास्त होते.

ठेवीदाराने काय जाणावे?

4 फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पण तो लागू होतो बँकेचा परवाना गेला किंवा रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर. शाखेत नुसती रोख नसेल, तर विम्याचा उपयोग नाही. गावोगावच्या पतसंस्थांतील ठेवींना हा विमा मुळीच नाही.

प्रश्न कोणाला विचारायचे?

शाखेतल्या कर्मचाऱ्यावर आवाज चढवून हाती काही लागत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत अनिष्ट तफावतीचा आकडा आणि लेखापरीक्षण अहवाल मागता येतो. संचालकांनी नुकसान केले असेल, तर कलम 88 खाली त्यांच्याकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. सरकारला विचारावे की माफीसोबत बँकेला नवे भांडवल मिळणार का. ते मिळाले नाही, तर सातबारा कोरा होऊनही पुढच्या लागवडीसाठी शेतकऱ्याला पुन्हा सावकाराचेच दार उघडे राहते.