कृष्णामाईचा उत्सव आणि आपले कर्तव्य

स्नानसमयी ज्या सात नद्यांना आपण कलशात आवाहन करतो, त्या प्रसिद्ध श्लोकात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांची नावे आहेत, कृष्णेचे नाही. परंतु कृष्णाकाठच्या भाविकाला या गोष्टीची खंत कधी वाटली नाही. श्लोकात जे स्थान मिळाले नाही, ते वाईकरांनी आपल्या लोकमातेला उत्सवात दिले.

क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोम व मेणवलीवरून वाईस येते. या नगरीला दक्षिण काशी म्हणतात, आणि जनश्रुती तिला महाभारतातील विराटनगरी मानते. येथील घाटाघाटांवर माघापासून पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवीरूपाने मंडपात बसवावे, तिची ओटी भरावी, तिच्यापुढे कीर्तन करावे आणि सर्व आळीने एका पंक्तीस प्रसाद घ्यावा, असा हा सोहळा. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवरायांच्या यशासाठी कृष्णामाईला केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. नवस हा शब्द येथे ध्यानी धरावा. नवस म्हणजे केवळ मागणे नव्हे. मागितलेले मिळाल्यावर करावयाची फेडही त्यातच येते.

पूर्वजांना नदीचा कृपाप्रसाद ठाऊक होता, तसा तिचा कोपही ठाऊक होता. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचा लोंढा तीवर आदळून दुभंगावा, ही त्यातील योजना. भक्तीला व्यवहारज्ञानाची जोड कशी असावी, याचा हा पाषाणातील धडाच होय.

आज मात्र काळ पालटला आहे. वाईच्या वरच्या अंगास धोम येथे धरण झाले आणि त्याच्या कालव्यांनी तालुक्यातील व खालील भागातील शिवारे भिजू लागली. ही कृष्णेचीच कृपा. पण त्यामुळे उन्हाळ्यात घाटाशी किती पाणी वाहावे, हे आता माणसाच्या हाती आले. तिकडे पुणे-बंगळूर महामार्गावरून सुरूर फाट्याशी वळणारी वाहने वाईतून पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वरास धावतात. पाहुणा यावा, त्याने घाटावर क्षणभर टेकावे, यात आनंदच आहे; पण त्याच्यामागे कागद, बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उरतात, तेव्हा मन विषण्ण होते. दोष केवळ पाहुण्याचा नाही. निर्माल्याची पिशवी गाठ मारून पात्रात सोडणारे हात आपल्याच घरातील असतात.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात जलात थुंकणे, मलमूत्र वा अन्य अमंगळ वस्तू टाकणे स्पष्टपणे निषिद्ध ठरविले आहे. म्हणजे नदीचे पावित्र्य राखणे ही आजची नवी कल्पना नव्हे, तो आपला जुनाच आचारधर्म आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे प्रचंड कार्य ज्या नगरीत केले, तेथे तरी हे वेगळे सांगावयास नको.

गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी आपली श्रद्धा आहे. २०१६ साली हे कन्यागत पर्व आले होते. पुढील पर्वात गंगामाई येईल, तेव्हा तिची भगिनी तिला कोणत्या वस्त्रात सामोरी जाणार?

तेव्हा भाविकहो, यंदा ओटी भरताना एक संकल्पही सोडावा. निर्माल्य परसातील मातीत वा तुळशीच्या आळ्यात जिरवावे; घाटावर साबण लावू नये; नैवेद्य पानावर ठेवावा आणि ते पान परत आणावे. वाईचे पाणी पुढे संगम माहुलीस वेण्णेला, नरसोबाच्या वाडीस पंचगंगेला भेटते आणि आंध्रात सागरास मिळते. तिच्या प्रत्येक घाटावर कोणी ना कोणी त्याच पाण्याची ओंजळ भरून सूर्याला अर्घ्य देत असतो. ती ओंजळ निर्मळ राहावी, हीच आपल्या नवसाची खरी फेड.