कुलूप, किल्ली आणि तबकडी

संगणकाच्या चुंबकीय तबकडीवरील मजकुराची हुबेहूब नक्कल काही मिनिटांत होते. मग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या श्रमांचे मोल कोण देणार?

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील व्हॉल्ट कंपनीने यावर एक युक्ती काढली. तिच्या ‘प्रोलॉक’ तबकडीच्या पृष्ठभागावर एक बारीकशी, पुसता न येणारी खूण असे. आज्ञावली सुरू होताना संगणक ही खूण शोधी. ती नकलेत उतरत नसे; म्हणून नक्कल चालत नसे.

पण मूळ तबकडीच बिघडली तर? पैसे मोजून घेतलेली आज्ञावलीही गेली! क्वेड नावाच्या कंपनीने असे साधन विकले, की खूण नसतानाही ती आहे असे संगणकाला भासे. व्हॉल्टने खटला भरला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल क्वेडच्या बाजूने दिला. जपून ठेवण्यासाठी प्रत काढण्याचा मालकाला अधिकार आहे आणि हे साधन त्यासाठी उपयोगी पडते, असे न्यायालय म्हणाले.

पुढे अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, असे कुलूप तोडणेच बेकायदा ठरवले. भारतात २०१२ मध्ये कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे हेतू पाहिला जातो.

आता तुम्हीच विचार करा. स्वतःच्या तबकडीची एक प्रत कपाटात ठेवणारा आणि दहा मित्रांना फुकट वाटणारा, दोघांचे साधन एकच. दोघांना एकाच मापाने मोजावे काय?