कोतवाल बुकातला जिल्हा

२०२३च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कार्यालयांतल्या अभिलेख कक्षांना एकदम महत्त्व आलं. गाव नमुना १४, म्हणजे गावाकडं ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, कुळांच्या वह्या, पाहणीपत्रकं असं सगळं टेबलावर आलं. त्यातलं बरंचसं मोडीत. मोडी वाचणाऱ्याला शोधत लोक फिरू लागले. पिढ्यान्‌पिढ्या कुणी न उघडलेल्या वहीतल्या एका ओळीवर नातवंडांचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून राहिली. गावचे जुने कागद कशासाठी जपायचे, या प्रश्नाचं याहून रोकडं उत्तर मला माहीत नाही.

सावेडीला तर हा प्रश्न फारच लागू आहे. नगर-मनमाड रस्त्यावरचं हे गाव आता महानगरपालिकेचं उपनगर झालं. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी या नावांखाली जुने मळे, विहिरी, पाणंदी झाकल्या गेल्या. जवळच भिस्तबागेचा निजामशाहीतला अष्टकोनी महाल आहे. निजामशाहीत शहराला आणि बागांना पाणी यायचं ते कापूरवाडी, शेंडी, वडगावच्या बाजूनं आणलेल्या खापरी नळांतून. १८८४च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात या नळांचं वर्णन सापडतं. पण हे पाणी नेमकं कुणाच्या शेतातून गेलं, दुरुस्तीचा खर्च कुणी केला, तंटा झाला तेव्हा निवाडा काय झाला, हे जाणायचं तर गॅझेटियर पुरत नाही. त्यासाठी इनामांचे कागद, मोजणीचे नकाशे, घराण्यांची दफ्तरं चाळावी लागतात.

ती आहेत कुठं? विखुरलेली. पेशवाईतला नगर प्रांत पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. अमेरिकन मिशन १८३१मध्ये नगरला आलं, १८४२मध्ये त्यानं इथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, त्याच्याच सिंथिया फरार यांच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. मात्र त्या मिशनच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. नगरच्या मुलीला आपल्या गावातली शाळा कशी चालायची हे वाचायला समुद्र ओलांडावा लागावा, ही गोष्ट मला खरोखर लागते.

नगरनं स्वतः काही राखलं नाही, असं मात्र नाही. जिल्हा वाचनालय १८३८चं, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी उभं राहिलेलं. राज्यस्थापनेच्या दिवशी, १ मे १९६०ला, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय सुरू झालं. तिथल्या दोनशे फुटी जन्मपत्रिकेपुढं सगळे थांबतात. माझं लक्ष मात्र मोडी कागदांकडं जातं.

हे कागद टिकतात कसे, हेही समजून घ्यायला हवं. जुन्नर-दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, तर शाई काजळाची. १७७०चं पत्र आजही सरळ उलगडतं, पण १९७०चं वर्तमानपत्र घडीवर तुटतं, कारण लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं. म्हणून आधी वाचवायला हवेत ते आपल्या आजोबांच्या काळातले कागद, शिवकाळातले नव्हेत! काजळाच्या शाईला धोका पाण्याचा, आणि कसर-वाळवी तर सगळ्यांचीच वैरी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. काही वर्षांत तिचा डिंक कागदातच मुरतो.

दुसरी चूक गठ्ठा फोडण्याची. दफ्तरखान्यात कागद रुमालात बांधत. एका रुमालातले कागद एकमेकांना अर्थ देतात. त्यातलं शिक्क्याचं पत्र तेवढं चौकटीत लावलं आणि बाकीचे हिशेब रद्दीत गेले, तर ते पत्रही मुकं होतं.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर काउंटीनं १९१३मध्येच आपल्या कागदांसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. पुढं बहुतेक काउंट्यांनी तोच रस्ता धरला. आपल्याकडं १९६७च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळालं, ‘अ’ ते ‘ड’ दर्जे आले, वाचनालयं गावोगाव पोचली. त्या प्रत्येकात एक कपाट गावाचं असावं, एवढीच मागणी आहे. सोसायटीचे अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, जत्रेची हँडबिलं, ७२च्या दुष्काळातल्या कामांची हजेरीपत्रकं, लग्नपत्रिका, जुने फोटो असं सगळं त्यात चालेल. फोटोमागं माणसांची नावं मऊ पेन्सिलीनं लिहावीत, पेननं नको. आणणाऱ्याचं घर, गाव, तारीख नोंदवावी. मोबाइलवर प्रत जरूर काढावी, पण मूळ कागद टाकू नये.

मोडीची अक्षरओळख थोड्या सरावानं होते. अडतं ते लिहिणाऱ्याच्या वळणावर. अशा वेळी वाचणाऱ्याला गावची आडनावं, शिवारांची आणि ओढ्यांची नावं ठाऊक असली की अडलेला शब्द सुटतो. सावेडीचे कागद सावेडीची मुलं पुण्यामुंबईच्या पंडितांपेक्षा लवकर लावतील. तसे कागद त्यांच्या हाती पडायला मात्र हवेत.